यात्रेच्या लाइव्हसाठी कॅप्चर कार्ड निवडताना

पौष पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंगाची यात्रा भरते आणि तिथून पुढे वैशाख सरेपर्यंत आंबेगाव-जुन्नरमधले शर्यतीचे घाट गजबजलेले असतात. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना 16 डिसेंबर 2021 रोजी पुन्हा परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाच्या निकालाने ती पक्की झाली. मधल्या सात वर्षांत प्रेक्षकाच्या खिशात स्मार्टफोन आणि स्वस्त डेटा येऊन बसला होता. त्यामुळे घाट पुन्हा सुरू झाले ते यूट्यूबवरही सुरू झाले. मुंबईच्या बाजारात हमाली करणारा, चाकणच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला असणारा गावकरी आता आपल्या गाड्याची बारी, म्हणजे घाटातली धाव, फोनवर लाइव्ह बघतो. अखंड हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तनही तसंच घरोघरी पोचतं.

हे काम करणाऱ्या पोरांना एक लहानसं यंत्र हमखास लागतं, ते म्हणजे कॅप्चर कार्ड. कॅमेऱ्यातून एचडीएमआय वायरीने येणारं चित्र लॅपटॉपला कळेल अशा रूपात यूएसबीतून आत नेणं, एवढंच त्याचं काम. पण या वस्तूचा बाजार वाढला तो प्लेस्टेशन-एक्सबॉक्स खेळणाऱ्यांमुळे. खोक्यावर जॉयस्टिकचं चित्र, फोर-के, एचडीआर, 120 हर्ट्झ असे मोठाले शब्द, आणि किंमत पाचशे रुपयांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत कुठेही. यात्रा कमिटीने दिलेल्या पैशांत यातलं काय घ्यावं, हा प्रश्न पडतोच. मंचरमध्ये घरी पीएस 5 खेळणाऱ्या मुलालाही तोच पडतो. लेख दोघांसाठी आहे, पण झुकतं माप घाटातल्या माणसाला.

एक सूत्र आधीच सांगतो. डिंभे धरणात पाणी कितीही असलं तरी शेतात तेवढंच येतं जेवढं चारीच्या सर्वांत अरुंद जागेतून निघतं. लाइव्हचंही तसंच आहे: कॅमेरा, वायर, कार्ड, यूएसबी पोर्ट, लॅपटॉप, नेट. यातली अरुंद जागा कुठली ते शोधा आणि कार्ड तिच्या मापाने घ्या. आपल्या भागात ती जागा बहुतेक वेळा नेट असते. त्यामुळे कार्डावर उधळलेला पैसा प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही.

कार्ड खरंच लागतं का?

एकाच फोनवरून लाइव्ह जायचं असेल तर कार्ड लागत नाही. मात्र फोनवरच्या यूट्यूब ॲपमधून लाइव्ह करायला चॅनेलला किमान 50 सबस्क्रायबर असावे लागतात. संगणकावरून लाइव्ह करायला ही अट नाही. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: चॅनेलचं लाइव्ह पहिल्यांदा चालू करताना 24 तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. यात्रेच्या दिवशी सकाळी चॅनेल उघडून बसलेल्याला संध्याकाळी फक्त रिकामा घाट दाखवता येतो, तेव्हा हे काम आठवडाभर आधी उरका.

पीएस 5 वाल्याने तर आधी यंत्राच्याच सोयी बघाव्यात. पीएस 5 स्वतःच शेवटच्या तासाभरापर्यंतचा खेळ नोंदवून ठेवतो आणि थेट यूट्यूबवर प्रक्षेपणही करतो. तासाहून लांब सलग रेकॉर्डिंग, पडद्यावर आपला चेहरा, मराठी पट्ट्या, स्वतःच्या मांडणीतलं चित्र असं काही हवं असेल तेव्हाच कार्डाचा खर्च सार्थकी लागतो.

झूम असलेला चांगला कॅमेरा, पडद्यावर गाडामालकाचं नाव आणि सेकंद, दोन-तीन कॅमेऱ्यांत अदलाबदल हे हवं असेल तर घाटातही कार्ड घ्यावंच लागतं.

कॅमेऱ्यातून काय बाहेर पडतं ते आधी बघा

कार्ड घेण्याआधी आपला कॅमेरा टीव्हीला लावून बघा. टीव्हीवर बॅटरीचं चिन्ह, फोकसचा चौकोन, शटरचे आकडे दिसले तर लाइव्हमध्येही तेच दिसणार. मेनूत जाऊन ती माहिती बंद होते का ते तपासा. काही जुन्या डीएसएलआरमध्ये ती बंदच होत नाही. अशा कॅमेऱ्याला कितीही महाग कार्ड लावलं तरी उपयोग नाही. कॅमेरा काही मिनिटांनी आपोआप झोपतो का, हेही त्याच वेळी कळतं.

लग्नाच्या शूटिंगमध्ये वापरलेले बरेच हँडीकॅम 1080आय सिग्नल देतात, म्हणजे एका चित्राच्या एकाआड एक रेघा पाळीपाळीने पाठवतात. कीर्तनात हे खपून जातं, पण धावत्या बैलाच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसू लागतात. कॅमेऱ्यात 1080पी निवडता येत असेल तर तेच निवडा. नसेल तर ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या सोर्सवर डीइंटरलेसिंग चालू करा.

वेग 50 फ्रेमचा ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. मंडपातल्या हॅलोजन-ट्यूबच्या उजेडात 60 फ्रेमवर चित्र लुकलुकतं. 50 फ्रेम आणि 1/50 किंवा 1/100 शटरवर ते बरंच शांत होतं. म्हणून कार्डाच्या माहितीत 1080पी 60 च्या जोडीला 1080पी 50 लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या.

घाटात 25-30 फ्रेम का पुरत नाहीत? बारी दहा-पंधरा सेकंदांत संपते. बैल सेकंदाला दहा मीटर धावतो असं धरलं तर 25 फ्रेमच्या चित्रात दोन फ्रेममध्ये तो 40 सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो, 50 फ्रेममध्ये 20. निशाणाजवळ वाद झाला आणि चार माणसं लॅपटॉपभोवती जमली की हा फरक डोळ्यांना दिसतो. अधिकृत वेळ घड्याळवाल्याचीच. पण चित्र धूसर असेल तर वाद वाढतो, मिटत नाही. कीर्तनाला मात्र 25 फ्रेम भरपूर झाल्या.

यूएसबीचं गणित

स्वस्त आणि चांगल्या कार्डातला खरा फरक इथे आहे. 1080पी चित्राचे सेकंदाला 60 फ्रेम न दाबता न्यायचे तर साधारण 2 गिगाबिट प्रति सेकंद एवढी वाट लागते. यूएसबी 2.0 ची कागदावरची क्षमता 480 मेगाबिट. म्हणजे यूएसबी 2.0 चं कार्ड प्रत्येक फ्रेम जेपीईजीसारखी दाबून पाठवतं. धूळ, गर्दी, फेटे, गुलाल अशा बारीक तपशिलांनी भरलेल्या चित्रात या दाबण्याचे चौकोन दिसू लागतात, आणि यूट्यूब वरून पुन्हा दाबतंच. यूएसबी 3.0 ची क्षमता 5 गिगाबिट आहे. तिच्यातून 1080पी 60 न दाबता जातं.

पाचशे ते हजार रुपयांच्या, पेनड्राइव्हएवढ्या कार्डांत बहुधा एमएस 2109 नावाची चिप असते. ही यूएसबी 2.0 ची चिप आहे. पण पुष्कळ विक्रेते तिला निळा प्लग बसवून यूएसबी 3.0 म्हणून विकतात, तेव्हा प्लगच्या रंगावर जाऊ नका. त्याच घडणीच्या एमएस 2130 चिपचं कार्ड खरोखर यूएसबी 3.0 चं असतं आणि थोड्या जास्त पैशांत मिळतं. खोक्यावर चिपचं नाव नसेल तर दुकानदाराला विचारा. त्यालाही माहीत नसेल तर खालची ओबीएसची चाचणी पुरते.

खोक्यावरच्या फोर-के शब्दाचा अर्थ दोन प्रकारे होतो. एक, कार्ड फोर-के सिग्नल आत घेतं, पण संगणकाला 1080पीच देतं. दुसरा, कार्ड खरोखर फोर-के रेकॉर्ड करतं. स्वस्त कार्डावर नेहमी पहिला अर्थ असतो. फोर-के 60 रेकॉर्ड करायला रंगांची माहिती थोडी कमी केली तरी 6 गिगाबिटच्या आसपास वाट लागते. म्हणजे यूएसबी 3.0 सुद्धा अपुरी. त्यासाठी 10 गिगाबिटचा यूएसबी पोर्ट किंवा डेस्कटॉपच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधलं कार्ड हवं. घाटातल्या लॅपटॉपला यातलं बहुधा काहीच नसतं आणि लागतही नाही.

दोन कॅमेरे असतील तर सावध व्हा. लॅपटॉपचे सगळे पोर्ट आतून बहुधा एकाच कंट्रोलरवर असतात. 1080पी 60 ची दोन कार्डं लावली की 4 गिगाबिट झाले. चित्र अडखळू लागतं किंवा दुसरं कार्ड दिसतच नाही. हब लावून तर हे नक्कीच होतं. दोनपेक्षा जास्त कॅमेरे कायमचे वापरायचे असतील तर सुटी कार्डं जमवण्यापेक्षा ब्लॅकमॅजिकच्या एटेम मिनीसारखा चार एचडीएमआय इनपुटचा स्विचर घ्या. तो चारही कॅमेऱ्यांत बटणाने बदल करतो आणि एकाच यूएसबी वायरीने लॅपटॉपला वेबकॅमसारखा दिसतो. त्याचं प्रो मॉडेल लॅपटॉपशिवाय, इथरनेटच्या वायरीवरूनच लाइव्ह जातं आणि यूएसबी डिस्कवर रेकॉर्डही करतं.

पासथ्रू: खेळणाऱ्याला हवाच, बाकीच्यांनी विचार करावा

काही कार्डांना एक एचडीएमआय आत आणि एक बाहेर असं असतं. बाहेरच्या वाटेने चित्र विलंबाशिवाय टीव्हीला जातं. लॅपटॉपवर दिसणारं चित्र कार्डातून फिरून येतं, त्यामुळे ते क्षणभर मागे असतं. क्रिकेटच्या गेममध्ये चेंडू टप्पा पडून गेल्यावर बॅट फिरते, म्हणून गेम खेळणाऱ्याला पासथ्रू लागतोच.

कॅमेरावाल्याला त्याची गरज नसते, एक प्रसंग सोडून. घाटावर किंवा मंडपात मोठी एलईडी स्क्रीन लावली असेल तर तिला लॅपटॉपचं चित्र देऊ नका, पासथ्रूचं द्या. नाहीतर महाराजांचा हात खाली येतो आणि स्क्रीनवर तो अजून वर असतो. फक्त लक्षात ठेवा, बहुतेक लहान कार्डांना वीज यूएसबीतूनच मिळते. लॅपटॉप बंद पडला की पासथ्रूही जातो.

कन्सोलसाठी कार्ड घेताना आणखी दोन गोष्टी. पीएस 4 आणि पीएस 5 वर एचडीसीपी नावाचं कुलूप मुळात चालू असतं; त्यामुळे कार्ड लावल्यावर पडदा काळा दिसतो आणि माणूस कार्ड बिघडलं म्हणून परत करायला निघतो. पीएस 5 वर सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय या वाटेने जाऊन एचडीसीपी बंद केलं की गेम दिसू लागतो. सिनेमाची ॲप मात्र त्या अवस्थेत चालत नाहीत. ते कुलूप त्यांच्यासाठीच आहे. दुसरी गोष्ट टीव्हीची. साध्या 60 हर्ट्झच्या टीव्हीवर खेळत असाल तर फोर-के 60 पासथ्रू आणि 1080पी 60 रेकॉर्डिंग देणारं, एल्गाटोच्या एचडी 60 एक्सच्या जातीचं कार्ड पुरेसं आहे. 120 हर्ट्झचा टीव्ही असेल आणि फोर-केमध्येच त्या वेगाने खेळायचं असेल तरच एचडीएमआय 2.1 च्या कार्डाकडे वळा.

आवाज

लोक थोडं फुटलेलं चित्र सहन करतात, फुटलेला आवाज नाही. कीर्तनात तर आवाजच सगळं आहे. मिक्सरची लाइन-आउट वायर कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटमध्ये सरळ खुपसली की पखवाज वाजताच आवाज चिरकतो, कारण माइकच्या मानाने लाइनचा सिग्नल कितीतरी जोरकस असतो. मध्ये आवाज कमी करणारा पॅड लावा किंवा लाइन घेणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरा. लॅपटॉप चार्जरला लावताच घूं असा सूर येत असेल तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. ग्राउंड लूप आयसोलेटर त्यावर उतारा. आवाज वेगळ्या वाटेने आणला की तो चित्राच्या पुढे पळतो. ओबीएसच्या सिंक ऑफसेटमध्ये मिलिसेकंदांचा आकडा घालून दोन्ही जुळवा. टाळी वाजवून जुळवणं सगळ्यांत सोपं.

एमएस 2109 च्या कार्डांना आवाजाचंही दुखणं आहे: काही संगणकांवर त्यांचा स्टिरिओ आवाज एकेरी दिसतो. ज्यांना आवाज महत्त्वाचा त्यांनी या कार्डातून फक्त चित्र घ्यावं.

डीजेवर सिनेमाचं गाणं वाजत असताना लाइव्ह चालू असेल तर यूट्यूब मालकी हक्काचा दावा लावतं, कधी आवाजच बंद करतं. दोन बाऱ्यांच्या मधल्या वेळात डीजेची वाट खाली ओढून निवेदकाचा माइक तेवढा चालू ठेवा.

नेट आणि रेकॉर्डिंग

1080पी लाइव्ह नीट जायला अपलोडचा वेग 5-6 मेगाबिट तरी सतत हवा, 720पीला 3-4. तोही लाइव्हच्या सेटिंगपेक्षा दीडपट असावा. 4 मेगाबिटने तासाभराचं लाइव्ह केलं की 1.8 जीबी डेटा जातो. रोज दोन जीबी मिळणाऱ्या सिमवर दिवसभराचा घाट होत नाही हे इथेच दिसतं. शिवाय चाचणी रिकाम्या घाटावर करून फसू नका. दुपारी पाच हजार माणसं जमली की त्याच टॉवरवर सगळ्यांचे फोन असतात. ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या घरात फायबर असेल तर तिथून इथरनेटची वायर ओढणं कुठल्याही महाग कार्डापेक्षा कामाचं. एका वायरीला शंभर मीटरची मर्यादा आहे.

लाइव्ह 720पीवर जात असलं तरी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग 1080पी 50 ठेवा. 20 मेगाबिटने तासाला 9 जीबी जागा लागते. फाइल एमकेव्ही प्रकारात साठवा. मध्येच वीज गेली तर एमपी4 फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. शर्यतीच्या परवानगीपत्रात चित्रीकरण सादर करण्याची अट असेल तर हीच फाइल कामी येते.

वायर, धूळ आणि भीमाशंकरचं धुकं

साधी एचडीएमआय वायर पाच मीटरपर्यंत बिनधास्त वापरा. दहाच्या पुढे चित्र झपझपू लागतं. निशाणाजवळचा कॅमेरा लांब असेल तर फायबरची एचडीएमआय वायर घ्या (तिला आतली आणि बाहेरची बाजू ठरलेली असते, उलटी लावली तर चालत नाही) किंवा एसडीआय कन्व्हर्टर लावून कोॲक्स वायर टाका. कॅमेऱ्याकडचं लहान एचडीएमआय सॉकेट सर्वांत नाजूक. वायरीचा भार त्यावर येऊ देऊ नका, ट्रायपॉडला पट्टी बांधून ताण तिथे घ्या.

थापलिंगासारख्या यात्रेत भंडाऱ्याची पूड पोर्टात जाते. न वापरलेल्या पोर्टांना टोपणं किंवा चिकटपट्टी लावा. एप्रिल-मेमध्ये कार्ड ताडपत्रीखाली सावलीत, लॅपटॉपपासून सुटं ठेवा. लहान कार्डं तापली की फ्रेम सोडतात. राउटर आणि कॅमेऱ्याला लहान यूपीएस द्या. जनरेटर बदलताना लॅपटॉप तगतो, राउटर बंद पडतो आणि लाइव्ह तुटतं.

भीमाशंकरच्या श्रावणाचा प्रकार निराळा. घोडेगाव, डिंभे सोडून तळेघरच्या वर गेलं की नेटचा भरवसा नाही, धुकं आणि पाऊस सतत. तिथे लाइव्हचा हट्ट न धरता कॅमेऱ्यातच पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग करा आणि खाली येऊन घोडेगाव-मंचरहून अपलोड करा. कार्ड घरी राहिलं तरी चालेल. थंड ओलाव्यातून गाडीत आल्यावर कॅमेरा बॅगेतून लगेच काढू नका, काचेवर आणि आत दव धरतं. देवळात चित्रीकरणाला देवस्थानाची परवानगी लागते. भोवतालचं जंगल 1985 पासून अभयारण्य आहे, तेव्हा ड्रोन उडवण्याआधी वन विभागाला विचारा.

दुकानात करायची चाचणी

आपलाच कॅमेरा, आपलाच लॅपटॉप, आपलीच वायर घेऊन जा. ओबीएस घरूनच घालून न्या; तो फुकट आहे. कार्ड हबशिवाय सरळ पोर्टात लावा. ड्रायव्हर न मागता ते दिसलं तर यूव्हीसी प्रकारचं आहे. यात्रेत आयत्या वेळी दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला तर हाच गुण वाचवतो. मग ओबीएसमध्ये व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस जोडा, रिझोल्यूशन कस्टम करा आणि 1920 बाय 1080, 50 किंवा 60 एफपीएस निवडा. खाली व्हिडिओ फॉरमॅटची यादी उघडा. या वेगाला वाययूवाय2 किंवा एनव्ही12 दिसत असेल तर कार्ड खरोखर यूएसबी 3.0 चं आहे. फक्त एमजेपीईजी दिसत असेल तर पोर्ट बदलून पुन्हा बघा. तरीही तेच दिसलं तर ते यूएसबी 2.0 चं कार्ड आहे, दुकानदार काहीही सांगो. शेवटी कॅमेऱ्यासमोर हात जोरात हलवा, पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि कार्डाला हात लावून किती तापलं ते बघा.

मग काय घ्यावं?

सप्ताह, व्याख्यान, ग्रामसभा: एका कॅमेऱ्याला एमएस 2109 चं कार्डही भागवतं, आवाज वेगळ्या वाटेने घ्यायचा एवढंच. बैलगाडा घाट: खरं यूएसबी 3.0 असलेलं, 1080पी 50/60 न दाबता देणारं कार्ड, पासथ्रू असलं तर उत्तम. उरलेले पैसे वायर, यूपीएस आणि नेटवर. वर्षभर यात्रा-लग्नं-कीर्तनं घेणारं युनिट: चार इनपुटचा स्विचर, आणि पेटीत जादा म्हणून एक साधं कार्ड. घरचा पीएस 5: आपल्या टीव्हीच्या वेगाचा पासथ्रू आणि 1080पी 60 रेकॉर्डिंग.

कार्ड कुठलंही घ्या, यात्रेच्या आधी एकदा तासभराचं लाइव्ह अनलिस्टेड ठेवून करून बघा, आणि मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाला ते फोनवर पाहायला सांगा. लॅपटॉपवर दिसतं ते तुमचं चित्र. गावकऱ्यांना काय दिसणार, ते तोच सांगेल.